थेंबाचा मुकुट

संगमनेरला पहाटे डेअरीवर दूध घालायला माणसे किटल्या घेऊन येतात. मापावरून ओघळलेला एखादा थेंब खाली सांडलेल्या दुधात पडतो, क्षणभर काहीतरी उसळते आणि नाहीसे होते. ते 'काहीतरी' मी जन्मभर पाहत आलो; दिसले मात्र गेल्या नाताळच्या सुट्टीत.

पुतण्या पुण्याहून कॅमेरा घेऊन आला होता. आम्ही स्वयंपाकघरात काळोख केला, ताटलीत दुधाचा पातळ थर घातला आणि हातभर उंचीवरून ड्रॉपरने थेंब सोडू लागलो. सारी करामत कॅमेऱ्याच्या शटरची असेल, असा माझा समज होता. तसे नाही. काळोखात शटर उघडेच ठेवायचे. क्षण पकडतो तो फ्लॅशचा झोत, आणि त्याची शक्ती कमी करावी तसतसा तो अधिकच अल्पकाळ टिकतो. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली दुधाच्या थेंबाचा जो जगप्रसिद्ध मुकुट टिपला, तो अशाच निमिषमात्र प्रकाशाच्या बळावर.

आमचे कितीतरी थेंब वाया गेले. घरातून दुधाचा हिशेब मागितला गेला, तो येथे देत नाही. अखेर मुकुट उमटला. पण एक टोक उंच, पलीकडची दोन एकमेकांत मिसळलेली, कुठे मणी सुटून गेलेला. "बिघडला," मी म्हणालो. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही.

इंग्लंडमधील आर्थर वर्दिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाचे असेच झाले होते. विजेच्या ठिणगीच्या उजेडात थेंब पाहायचा आणि डोळ्यांत उरलेली आकृती कागदावर उतरवायची, असे त्याने १८७५च्या सुमारापासून वर्षानुवर्षे केले. त्याची चित्रे रेखीव, सर्व बाजूंनी सारखी. १८९४ साली छायाचित्रे निघू लागली, तेव्हा थेंब वेडेवाकडे निघाले. जुनी टिपणे चाळताना त्याला आढळले, की ओबडधोबड आकृत्या त्याने पूर्वीही पाहिल्या होत्या. अपवाद समजून बाजूला सारल्या होत्या. हे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. एकदा 'पाऊस' या विषयावर आठवीतल्या एका मुलीने डबक्यात पडणारा थेंब काढला होता. त्याच्या कडा लहानमोठ्या होत्या. मी फळ्यावर कंपासने वर्तुळ आखले, त्यावर आठ सारखी टोके काढून दाखवली आणि तिचे गुण कापले. "सर, तो असाच उडतो," ती म्हणाली होती. "नीट बघ," असे मी तिला सुनावले. बघण्याची गरज कोणाला होती, ते त्या रात्री स्वयंपाकघरात कळले.

तिचा भाऊ रोज डेअरीवर येतो. त्याच्याकडून मी तिच्या सासरचा पत्ता घेतला. सर्वांत वेडावाकडा मुकुट निवडून पाकिटात घातला आहे. सोबतच्या चिठ्ठीचा मात्र 'चि.' एवढाच मजकूर अजून लिहून झाला आहे.