"थांबा हं, अलिबागकडून बघते"

आमचं घर पेणला, कासार आळीत. आत्या रोह्याला दिलेली. १९८०च्या दशकात तिच्याशी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल बुक करून फोनपाशी ताटकळायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. जितकी घाई तितके जास्त पैसे. लाइन मिळत नसली की ऑपरेटर बाई म्हणायच्या, "थांबा हं, अलिबागकडून बघते." आपल्यासाठी कुणीतरी वाट शोधतंय, याचा केवढा धीर वाटायचा!

पुढे मी नेटवर्कच्या कामात शिरलो आणि डेटाची वाट शोधणाऱ्या राउटरमध्ये मला त्या बाईच दिसल्या. रिप हा जुना प्रोटोकॉल नुसते टप्पे मोजायचा. १५पेक्षा जास्त झाले की ते ठिकाण त्याच्या लेखी नाहीच. ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलचं तसं नाही. आमच्या वाटेवरच्या नागोठण्याहून रोह्याला भिसे खिंडीतून जवळ पडतं, पण ऐन पावसात जाणता ड्रायव्हर कोलाडचा लांबचा, रुंद रस्ता धरतो. ओएसपीएफही सहसा वाटेची रुंदी बघून खर्च मांडतो आणि सगळ्यांत स्वस्त वाट निवडतो. त्यामागचं गणित डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलं. त्यांच्यापुढचा प्रश्नही आपल्यासारखाच होता: रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जवळचा रस्ता कोणता?

जुलै १९८९मध्ये अंबा नदीला पूर आला. जांभूळपाड्यात होत्याचं नव्हतं झालं, नागोठण्यात पाणी शिरलं. आमचा फोन बंद पडला. बाईंनी अलिबागकडून बघायचं म्हटलं तरी आमची तार त्यांच्यापर्यंत पोचायला हवी ना! आत्या सुखरूप आहे हे कळायला तीन दिवस लागले. तिकडून आलेल्या एका माणसाने निरोप आणला. गणपती तोंडावर आलेले, आमच्या कारखान्यात मूर्ती रंगवायच्या राहिलेल्या, पण वडिलांनी तीन दिवस ब्रश हातात धरला नाही.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत दोन इंजिनिअरांनी जेवताना कागदी रुमालांवर बीजीपीची आखणी केली होती. वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्कं आज त्याच प्रोटोकॉलने एकमेकांना वाटा सांगतात. आम्हाला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता.

आता महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, तरी दुसरी वाट असली की बोलणं चालू राहतं. ओएसपीएफचे राउटर साधारण दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हाक देतात. ४० सेकंद प्रतिसाद आला नाही की शेजारी गेला असं धरून नवी वाट काढतात. हल्लीच्या सोयींनी तर हे सेकंदाच्या आत होतं. बाईंचा आवाज हरवला याची हळहळ आहेच. पण त्या तीन दिवसांपुढे ती मी सोसतो.

आत्या आता थकलीय. अंबा, कुंडलिका या नद्या फुगल्याच्या बातम्या आल्या की मी दिवसातून चारदा तिला व्हिडिओ कॉल लावतो. काम काहीच नसतं.

"आहेस ना गं?"

"आहे रे, आहे."

मग ठेवतो.