पाहुण्यांचे बाळंतपण

शिंगाळा हा मासा पेडणे तालुक्यातील आमच्या आजोळी सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी त्यास सांगट म्हणतात. तोंडाला लांब मिशा, अंगावर खवल्यांचा पत्ता नाही, आणि पाठीवर व कल्ल्यांमागे असा काटा की, तो हाताला लागला तर माणूस कळवळतो. आजी हा मासा साफ करावयास बसली असता क्वचित् त्याच्या तोंडातून करवंदाएवढाली अंडी बाहेर पडत. पाहणाऱ्यास वाटावे, या खादाडाने दुसऱ्याची अंडी गिळली! पण ती त्याचीच असतात. मादी अंडी घालून मोकळी होते आणि नर ती तोंडात धरून, पिल्ले स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत, कित्येक आठवडे उपाशी राहतो. अंडी थोडी, पण राखणदार मोठा निष्ठावंत. १९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत असे अंडी धरलेले नर थव्यांनी सापडू लागले, तेव्हा बापाबरोबर पुढची पिढीही टोपल्यांत गेली, आणि तेथील शिंगाळ्यांची पैदास पुढे फार घटली.

या शिंगाळ्याचे दूरचे भाऊबंद आमच्या डिचोलीच्या घरी काचपेटीत राहतात. बाबांनी ते सहा मासे म्हापशाहून आणले. त्यांचे नाव कोरिडोरास. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ साली ठेवलेल्या या ग्रीक नावात शिरस्त्राण आणि कातडी असे दोन शब्द एकत्र आले आहेत. ते योग्यच म्हटले पाहिजे; कारण यांच्या दोन्ही कुशींवर कौलारू छपरासारख्या कठीण पट्ट्यांच्या दोन ओळी असतात. लांबी जेमतेम दोन इंच, रंग काशाच्या भांड्यासारखा. मधूनच एखादा मासा बाणासारखा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. ती हवा तो आतड्यात शोषून घेतो, हे ऐकून आमच्या पाहुण्यांना भारी नवल वाटते.

हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील. पावसाचे थंड पाणी आले की त्यांस विणीची आठवण होते. आमच्या विहिरीचे पाणी जांभ्या दगडातले, म्हणून मऊ. ते त्यांस मानवते. मृगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात आम्ही पेटीतील तिसरा हिस्सा पाणी काढून विहिरीचे ताजे, गार पाणी घातले, आणि दुसऱ्याच सकाळी पेटीत एकच धांदल उडाली. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून क्षणभर स्तब्ध राही. मग पोटाखालचे दोन पर ओंजळीसारखे मिटून त्यांत दोन-चार अंडी धरी, काच तोंडाने स्वच्छ करी आणि ती तेथे चिकटवून देई. दुपारपर्यंत मोहरीच्या दाण्यांसारखी ८३ अंडी आम्ही मोजली. येथवर सारे ओंजळ धरणाऱ्या आईला शोभेल असेच होते. परंतु काम आटोपल्यावर हेच आईबाप भुकेले होऊन काचेवरून अंडी टिपावयास निघाले! शिंगाळ्याच्या कुळात असेही लोक आहेत. तेव्हा बापाचे काम आमच्याकडे आले.

अंड्यांचे कवच घट्ट झाल्यावर ती बोटाच्या टोकाने हळूच सोडवून, पेटीतलेच पाणी घातलेल्या एका पसरट काचेच्या भांड्यात ठेवली. त्यात मेथिलीन ब्लूचे थेंब फिकट निळी छटा येईपर्यंत टाकले आणि पंपाच्या नळीने मंद बुडबुडे सोडले. जिवंत अंडे दिवसेंदिवस मधासारखे पिंगट होत जाते. जे फळलेले नसते ते पांढरे पडते आणि त्यावर कापसासारखी बुरशी येते. ही बुरशी शेजाऱ्यालाही सोडत नाही. म्हणून अशी २० अंडी आम्ही चिमट्याने वेचून काढली.

तिसऱ्या रात्री वादळी पाऊस झाला आणि वीज गेली. पंप बंद पडला. पाणी स्थिर राहिले तर अंड्यांना प्राणवायू पुरत नाही. आम्ही दोघे भावंडे कंदिलाच्या उजेडात भांड्यातले पाणी वाटीने उचलून हळूहळू परत सोडत बसलो. आजी त्या दिवसांत आमच्याकडे आली होती. बारा वाजून गेल्यावर ती उठून आली, “तुम्ही निजा रे पोरांनो, मी बसते थोडा वेळ,” म्हणाली आणि वाटी तिने आपल्या हातात घेतली. जन्मभर मासे चिरलेल्या त्या हातांनी पहाटेपर्यंत माशांची अंडी राखली. वीज आली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते.

चौथ्या दिवशी सायंकाळपासून पिल्ले बाहेर येऊ लागली, एकूण ५९. प्रत्येकाच्या पोटाशी शिदोरीची पिशवी, म्हणून पहिले दोन दिवस काही खाऊ घालावे लागत नाही. पुढे मात्र जिवंत अन्न हवे. त्यासाठी आर्टेमिया नावाच्या सूक्ष्म खाऱ्या कोळंबीची सुकी अंडी विकत मिळतात. आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम विरघळवून त्यात ती टाकली आणि हवा सोडली की, दीड दिवसात नारिंगी धुळीसारखे जीव पोहू लागतात. विजेरीच्या उजेडाकडे ते आपण होऊन गोळा होतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन ते पिल्लांना द्यावयाचे. उरलेले नळीने शोषून काढावयाचे. आणि रोज थोडे पाणी बदलावयाचे, तेही त्याच उष्णतेचे. एवढे करूनही नवव्या दिवशी ११ पिल्ले निश्चेष्ट आढळली. ही पिल्ले तळाशीच बसतात, आणि पावसाळी हवेत तळावर बुळबुळीत थर फार लवकर धरतो. राहिलेली तत्काळ दुसऱ्या भांड्यात हलवली आणि तेव्हापासून तळ रोज कापसाने पुसला. पुढे आणखी चार गेली. महिन्याभरात ४४ पिल्ले इवल्या मिशा हलवीत आईबापांची हुबेहूब प्रतिमा झाली.

इतक्यांना पेटीत जागा कोठली? शेजारच्या काकांनी सुचविले, “मये तळ्यात सोडा, पुण्य लागेल.” आम्ही ते मानले नाही. काचपेटीतून सुटलेला दक्षिण अमेरिकेचाच एक चोषक तोंडाचा मासा केरळ व आंध्र प्रदेशातील जलाशयांत माजला असून तेथील कोळ्यांची जाळी फाडतो आहे. आमचे कोरिडोरास गरीब स्वभावाचे खरे, पण मयेच्या तळ्यातील माशांनी त्यांना बोलाविलेले नाही. म्हणून काही पिल्ले म्हापशाच्या दुकानदारास दिली, काही मामांना, आणि १२ आमच्या शाळेच्या विज्ञानखोलीत आली. आठवीचे विद्यार्थी त्यांना पाळीपाळीने खाऊ घालतात. रविवारी कोणी यावयाचे, यावर मात्र अद्याप एकमत झालेले नाही.