बाटलीतला बर्फ

पुण्यात बर्फ पडत नाही, हा आम्हां भावंडांना लहानपणी मोठाच अन्याय वाटायचा. शिवाजीनगरच्या वेधशाळेला सगळं पुणं ‘सिमला ऑफिस’ म्हणतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथं आलं, म्हणून. धाकट्याचा ठाम समज असा, की एवढं ऑफिस आणलं तर थोडाफार बर्फही आणलाच असणार, फक्त तो साहेब लोक कुणाला दाखवत नाहीत.

आमच्या घरी बर्फ व्हायचा तो खोबरेल तेलाच्या बाटलीत. पारा चोविसाच्या खाली जाऊ लागला की तेल आधी गढूळ, मग तळाशी पांढरं, आणि एका सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. आजीचं हवामान खातं तेवढंच. बाटली गच्च पांढरी झाली, की ट्रंकेतल्या गोधड्या गच्चीवर उन्हाला पडायच्या, माकडटोप्यांची शोधाशोध व्हायची आणि आई डिंक तळायला घ्यायची.

कर्वेनगर तेव्हा पुण्याच्या टोकाला. म्हातारी माणसं अजून ‘हिंगणे’च म्हणायची. मागं शेतं, पलीकडे कालवा, आणि पहाटे नदीकडून असं धुकं यायचं की कोपऱ्यावरचा दिवा नुसता पिवळा डाग दिसायचा. पेठेतले नातेवाईक संध्याकाळी यायचे ते मफलर गुंडाळूनच, आणि “तुमच्याकडे दोन डिग्री जास्तच बाई” म्हणत चहा होताच निघायचे.

थंडी वाजते असं आजीपुढे म्हणायची मात्र सोय नव्हती. ती कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली, वसतिगृहात राहिलेली. १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. ती थंडी तिनं तिथं काढली होती. तिच्याकडे त्याहून वरचा हुकमी पत्ताही होता. १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, तेव्हा अण्णा कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून संध्याकाळी इथवर चालत यायचे. “आणि तुम्हांला मोरीपर्यंत जाववत नाही!” यावर उत्तर नसे. निमूट मोरीकडे निघायचं.

मोरीच्या दाराशी बंब. तांब्याचा, आजीच्या सासूबाईंच्या वेळचा. मधल्या नळीत वरून ढलप्या, गवरीचा तुकडा, करवंट्या टाकायच्या, खाली जाळीतून राख पडायची आणि भोवतीचं पाणी तापायचं. पेटवायचं काम काकांचं, पहाटे पाचला. करवंटी पेटली की जो वास सुटायचा तो अंथरुणात कळायचा, आणि मग एकेक जण गोधडीसकट उठून बंबाभोवती येऊन बसायचा. घरात बारा माणसं. उबेची जागा तेवढी एक. तिथंच दात घासणं, तिथंच पाढे, तिथंच भांडणं, तिथंच रेडिओवरच्या सात पाचच्या बातम्या. थिजलेली बाटलीही तिथंच वितळायला ठेवलेली असे. नियम एकच: जितकं ऊन पाणी काढाल तितकं गार पाणी वरून घाला. हा नियम आत्या पाळत नसे. तिच्यामागून ज्याचा नंबर, त्याची आंघोळ पाण्यावाचून अर्धी राहायची, कारण बंबात थोडं पाणी तरी ठेवावंच लागतं, नाही तर डाग उकलतात. आत्या आजही हे कबूल करत नाही.

दही लागायचं नाही ही आणखी एक रड. विरजणाचं पातेलं टॉवेलात गुंडाळून गव्हाच्या डब्यात झोपवायचं. बाळापेक्षा त्याची बडदास्त जास्त.

पण ज्या कामाला थंडी हवीच असायची ते म्हणजे हलवा. बाजारातला हलवा आजी ‘साखरेचे खडे’ म्हणून निकालात काढायची, आणि माझंही मत तेच आहे. कोळशाच्या शेगडीवर मंद आचेची परात, तिच्यात तीळ नाही तर खसखस, आणि चमच्या-चमच्यानं पाक. बोटांच्या टोकांनी सतत हलवत राहायचं. चटका बसला तरी हात थांबवायचा नाही, थांबला की गोळा. काकू आणि आई आळीपाळीनं बसायच्या. पहिले दोन दिवस काहीच दिसत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी, बाहेर कडाक्याचं गार असताना, दाण्यावर बारीक टोक उभं राहायचं. “काटा आला गं!” अशी आरोळी स्वयंपाकघरातून यायची आणि आम्ही शाळेचे बूट घालता घालता बघायला धावायचो. ज्या वर्षी थंडी ढिली, त्या वर्षी काटा बोथट. धाकट्याच्या बोरन्हाणाच्या वर्षी असाच बोथट आला होता. हलव्याच्या दागिन्यांतला त्याचा फोटो आहे. मुकुट चक्क गुळगुळीत दिसतो, आणि काकू अजून त्याबद्दल हळहळते.

रात्री टाचांना आमसुलाचं तेल. ते तर भर उन्हाळ्यातही घट्टच असतं. आजी त्याचा गोळा पळीत वितळवून भेगांत सोडायची, आणि तिच्यापुढे रांगेनं पाय पसरून बसलेल्या आम्हां सातांपैकी जो ओरडेल त्याला दुसऱ्यांदा लावायची.

गिझर आला १९८८ला. काकांनी पहाटे पाचला उठणं तरी सोडलं नाही. उठून नुसते गिझरचं बटण दाबून बसायचे. घर पाडून इमारत झाली तेव्हा वाटण्या सरळ झाल्या, वाद झाला तो फक्त बंबावर. तो आत्याकडे गेला. चिंच-मिठानं लखलखीत करून तिनं तो दिवाणखान्यात ठेवला आहे, वर मनीप्लांट. झाडाला पाणी जास्त झालं की ते अजून तोटीतून ठिबकतं.