वाईनचा वास

होस्टेलवर ‘मी नाशिकची’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच... “मग वाईनरीला कधी नेतेस?” कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी यथातथाच आहे, चुका सांभाळून घ्या. पण हे इंग्लिशमध्ये सांगायला जमतच नाही!

माझं आजोळ दिंडोरी तालुक्यातलं. वाटेत रामशेज किल्ला दिसला की आम्ही भावंडं एसटीत उभीच राहायचो. आबांची तीन एकर बाग. दोन एकर थॉमसन, म्हणजे आपण खातो ती बिनबियांची हिरवी द्राक्षं. त्यांचे लाड फार! ऑक्टोबर छाटणी झाली की मणी विरळायचे, घड औषधात बुडवायचे, तेव्हा कुठे मणी फुगणार. उरलेला एकर शिराझचा, वाईनसाठी. मणी बारीक, काळे, जाड सालीचे, आत बिया. पण गोड म्हणजे किती गोड! बिया लांब थुंकायची आमची स्पर्धा चालायची.

आबा माळकरी. आजी टोमणा मारायची, “गळ्यात माळ आन् शेतात दारू!” आबा म्हणायचे, “दारू कंपनी करती, मी द्राक्षं करतो.” शाळेत मी निबंधात ‘माय ग्रँडफादर ग्रोज वाईन’ असं लिहिलं होतं. टीचरने ‘वाईन’ खोडून ‘ग्रेप्स’ केलं. आबांना सांगितलं तर एकदम खूश. “तुझ्या बाईंना कळतं बघ!”

मग २०१४ ची गारपीट आली. मी नऊ वर्षांची होते. तीन-चार दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा शिराझच्या तारांवर नुसत्या काड्या, पानं फाटलेली आणि खाली फुटलेल्या मण्यांचा चिखल. आबा नेहमीप्रमाणे चपला बांधावर काढून आत शिरले. ऊन चढलं तसा आंबूस वास सुटला. आबांनी मामाला विचारलं, “बाटलीतला वास ह्योच का रे?” मामा काहीच बोलला नाही. आबा नंतर नळाखाली कितीतरी वेळ पाय धूत होते. लाल रंग लवकर जाईना.

गेल्या फेब्रुवारीत मैत्रिणींना घेऊन गंगापूर धरणाजवळच्या एका वाईनरीत गेले. (टेस्टिंगला २१ पूर्ण लागतात, त्यामुळे घरच्यांनी काळजी करू नये. आम्ही नुसती टूर केली!) स्टीलच्या उंच टाक्यांपाशी दार उघडलं आणि तोच वास. मैत्रिणी म्हणाल्या, “काय मस्त स्मेल आहे!” मी बाहेर येऊन आबांना फोन लावला. कुठे आहे ते सांगितलं. ते थोडं थांबले, मग म्हणाले, “जेवली का? पोरींना घरी घेऊन ये.”

तर मंडळी, यायचं असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये या, तेव्हा तोडणी चालू असते. वाईनरी बघा, पण आमच्या घरीही चला. शिराझच्या एकरात आता भाजीपाला आहे. थॉमसन मात्र पोटभर मिळेल.