यमुना नावाच्या मुली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मराठी चरित्रं ओळीने वाचत गेलं की एक नाव सारखं भेटतं आणि लगेच नाहीसं होतं. यमुना. 1862 साली कुर्लेकरांच्या घरी जन्मलेली यमुना अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन रमा झाली. 1865 साली कल्याणला जन्मलेली यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांच्या घरात आनंदी झाली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्ष्यात कोण घेतो’ची नायिकासुद्धा यमूच. वाचकाला ती आपल्याच माजघरातली वाटावी, इतकं ते नाव तेव्हा घरोघर होतं.

मुलींना नद्यांची नावं देण्याची ती रीत मला फार आवडते. गंगा, गोदावरी, कृष्णा, भागीरथी, नर्मदा, तापी. मुलगा झाला तर गोविंद, गोपाळ, विष्णू, नारायण. पोराला हाक मारता मारता देवाचं नाव तोंडी यावं म्हणून. थोरल्याला बहुधा आजोबांचं नाव मिळे. पण सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, मग पोटच्या पोराला हाक कशी मारणार? म्हणून बाळ, नाना, अण्णा, तात्या. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरातली ‘बाळ’ ही हाक त्यांना अशी चिकटली की पुढे तेच त्यांचं नाव झालं.

आधीची मुलं दगावली असतील तर मात्र देवाच्या नावाचाही धीर होत नसे. बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलायचं, नाहीतर दुसरीच्या पदरात घालून तिच्याकडून पसाभर धान्याला विकत घ्यायचं, आणि नाव ठेवायचं भिकू, दगडू, केरू. केरकचऱ्याकडे मृत्यूची नजर जाणार नाही, एवढीच आशा. देवी आणि पटकीच्या त्या काळात आईच्या हाती दुसरं होतं तरी काय? टिळकांना गणित शिकवणारे विनायक लक्ष्मण छत्रे सगळ्यांना ठाऊक आहेत ते केरूनाना म्हणूनच. असं नाव धारण करून माणूस विद्वानांच्या सभेत मानाने बसत होता, हे मला त्या काळाचं मोठेपण वाटतं.

मुलींच्या बाबतीत मात्र मन अडतं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, साखर वाटायची. सोहळा गोड, त्यात मायाही असेल. पण बालपण सरायच्या आत त्या मुलीला नव्या हाकेला ओ द्यायला शिकावं लागे. तापीची सत्यभामा झाली, टिळकांच्या घरी. मनकर्णिका गोखल्यांची लक्ष्मीबाई टिळक झाली. पुरुषाचं नाव बदलायला गादीवर दत्तक जावं लागे: 1875 साली गोपाळराव बडोद्याचे सयाजीराव झाले, 1884 साली यशवंतराव कोल्हापूरचे शाहू. राजांच्या वाट्याला क्वचित येणारी ही गोष्ट मुलींच्या नशिबी सर्रास होती, आणि त्यांना राज्य मिळत नव्हतं.

आनंदीबाईंनी ते दिलेलं नाव स्वतःच्या कर्तृत्वाने आपलं केलं. दहा दिवसांचं मूल गेल्यावर त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पोकीप्सीच्या दफनभूमीत आहेत. तिथल्या दगडावर आनंदीबाई जोशी असं कोरलेलं आहे. कल्याणची यमुना तिथे नाही.

रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांनी आठवणी लिहिल्या, म्हणून त्यांचं माहेर आपल्यापर्यंत पोचलं. बाकीच्यांचं काय? आमच्या घरच्या वंशावळीत त्या पिढीतल्या बायका सासरच्या नावानेच आहेत. वयस्कर नातलगांना विचारत विचारत मी त्यांची जन्मनावं गोळा करते आहे. एक ठकू सापडली, एक गोदू. यमुना अजून नाही, पण असणार. कोकणातल्या एका आत्याकडे जुन्या पत्रिकांचं गाठोडं आहे, ते उघडायचं आहे.