पोस्टिंग घरातली

ऑक्युपेशनल थेरपी वर्गात अर्धीच शिकता येते. उरलेली पोस्टिंगमध्ये, पेशंटसोबत. आमच्या जागतिक संघटनेच्या निकषाप्रमाणे विद्यार्थ्याचे असे किमान १००० तास व्हावे लागतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली, मुले आपापल्या गावी गेली आणि हे तास भरायचे कुठे, हा प्रश्न आम्हा शिक्षकांपुढे उभा राहिला.

माझी एक विद्यार्थिनी मुळशी तालुक्यातल्या जांबे गावची. घरात स्मृतिभ्रंश झालेली आजी. घरच्यांच्या संमतीने तिची पोस्टिंग तिथेच लावली, मी फोनवर.

सुरुवातीला तिने फक्त पाहायचे आणि लिहायचे, एवढेच ठरले. नोंदी येऊ लागल्या. आजी सकाळी शांत असते. तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभी राहते. मोरीत पांढऱ्या फरशीवरची पांढरी बादली तिला दिसतच नाही. बादली लाल आणली, तशी अंघोळीची कटकट कमी झाली.

संध्याकाळसाठी काम निवडले तांदूळ पाखडण्याचे. मुळशी भातशेतीचा मुलूख, त्यामुळे आजीचा जन्म सुपासोबत गेलेला. या आजारात नावे, तारखा लवकर पुसल्या जातात. हातांना लागलेले वळण मात्र बराच काळ टिकते. दिवेलागणीआधी सूप समोर ठेवायचे, सूचना एका वेळी एकच द्यायची, चुकले तरी टोकायचे नाही. आजीच्या सुनेलाही सांगितले: ‘हेच तुमचं घर’ असा वाद घालू नका, ‘घरी कोण कोण आहे?’ असे विचारा. आजी दाराशी जायची राहिली असे नाही, पण बऱ्याच संध्याकाळी ती पाखडण्यात रमू लागली. तेवढा वेळ सुनेला उसंत मिळाली.

एरवी आमच्या शिक्षणात असे घर फारसे येत नाही. १९५० मध्ये कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये या विषयाचे देशातले पहिले विद्यालय काढले. तेव्हापासून आमचे शिक्षण मुख्यतः हॉस्पिटलच्या आधाराने वाढले. तिथे आम्ही खुंट्या बसवायचा पेगबोर्ड देतो, चित्रांची कार्डे देतो. पेशंटची मोरी, उंबरा, सूप मात्र आम्हाला दिसत नाही. फोनवरून तोल जोखता येत नाही, हातांची ताकद कळत नाही, हेही खरे. म्हणून हॉस्पिटल हवेच.

पण देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना घरचीच माणसे सांभाळतात. साथ ओसरली म्हणून घरातली पोस्टिंग बंद करू नये. प्रत्येक महाविद्यालयाने हजारातले काही तास अशा घरांसाठी कायमचे राखून ठेवावेत.