अंजनगिरीचा काळा रंग



वर्षातून तीनदा, आषाढ, कार्तिक आणि फाल्गुनात, शुक्ल अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत आपण नंदीश्वर द्वीपातल्या 52 जिनालयांना अर्घ्य वाहतो. पण ही 52 कशी होतात, हे मुलांना तोंडी सांगून उमगत नाही. म्हणून यंदा आषाढातल्या अष्टाह्निकेसाठी शहापूरच्या घरीच त्याची रचना करायला घेतली. रंगवायला मुलाचा एअरब्रश होता, त्याने विमानांच्या मॉडेलसाठी आणलेला. पेनाएवढं ते यंत्र छोट्या कॉम्प्रेसरच्या हवेवर रंगाचा बारीक फवारा उडवतं.

आधी प्रमाण ठरवलं. अंजनगिरी 84,000 योजन उंच, दधिमुख 10,000 आणि रतिकर 1,000. एक मिलिमीटर म्हणजे हजार योजन धरले, तर अंजनगिरी 84 मिमी, दधिमुख 10 मिमी आणि रतिकर जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढा. प्रत्येक दिशेला एक अंजनगिरी, चार दधिमुख, आठ रतिकर, म्हणजे 13; चार दिशांचे 52. मात्र याच मापाने 163 कोटी 84 लाख योजनांचं द्वीप करायचं तर दीड किलोमीटरहून जास्त जागा लागेल! म्हणून प्रमाण फक्त पर्वतांना ठेवलं, अंतरं पाटावर मावतील तशी.

रतिकरासाठी मोहरी चालली असती, पण ती सचित्त. म्हणून खरोखरच टाचण्या वापरल्या. अंजनगिरीला पुठ्ठ्याची नळी, दधिमुखाला लाकडी मणी.

सासूबाई बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा वाचून घेतात. त्यांनी विचारलं, "अगं, रंगात काय काय असतं गं?" मग मीही शोधायला बसले. बारीक कामाचे महागडे ब्रश कोलिन्स्कीच्या, म्हणजे एका जातीच्या विझलच्या, शेपटीच्या केसांचे असतात. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचेही ब्रश बनत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या व्यापाराला बंदी आहे, तरी ते चोरून विकले जातात. एअरब्रशमध्ये केसच नाहीत, नुसती सुई. तेवढ्यापुरती मी निश्चिंत झाले.

पण काळ्या रंगाने अडवलं. चित्रकारांचा 'आयव्हरी ब्लॅक' आज जाळलेल्या हाडांपासून करतात. चांगल्या अ‍ॅक्रिलिक रंगावर रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो: पीबीके 9 म्हणजे हाडांचा, पीबीके 7 म्हणजे काजळीचा, पीबीके 11 म्हणजे लोहाचा. लाल घेताना एनआर 4 दिसला तर तो किड्यांपासून केलेला कार्माइन. मुलाच्या काळ्या बाटलीवर कोडच नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्याला हाडाचा रंग असेल तर मी पूजेला बसणार नाही." मुलगा म्हणाला, "आजी, कोणाला कळणार आहे?" त्या म्हणाल्या, "मला कळलंय ना!" यावर कोणी काय बोलणार? ती बाटली विमानांकडे परत गेली आणि नागपुरातून पीबीके 7 आणला. अंजन म्हणजे काजळ. अंजनगिरीला काजळीचाच रंग मिळाला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी:

0.3 मिमी सुईचा डबल अ‍ॅक्शन एअरब्रश पुरतो. बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. दोन दिवस जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेघा काढा.

रंग दुधाइतका पातळ करा. दाब 15 ते 20 पीएसआय. आधी प्रायमर, मग पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. सोनेरी रंगातले अभ्रकाचे कण तळाशी बसतात, म्हणून रतिकरांसाठी तो सारखा हलवत राहा.

पावसाळ्यात हवेच्या नळीत पाणी साठतं, म्हणून मॉइश्चर ट्रॅप लावा. वैशाखात उलट, रंग सुईच्या टोकावरच वाळतो, तेव्हा सकाळी लवकर काम करा.

मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. रात्री फवारू नका. दिव्यावर आलेले किडे ओल्या रंगात चिकटतात. काम झालं की एअरब्रश लगेच धुवा आणि ते पाणी जुन्या फडक्यात जिरवा.

रंग विकत घेताना मात्र आधी बाटली उलटी करून कोड वाचा. बिस्किटाचा पुडा आपण वाचतोच, तसाच.